पंख नंतर

देवदूत आले माझ्याकडे अकरा कागदांवर,
बेकरीच्या तपकिरी कागदांवर, सुतळीनं बांधलेले,
आणि वर एर्मेलिंदबाईंची ताकीद:
नवी घडी पाडू नकोस, बाबांच्या घड्या पुरेत.

रायबंदरच्या फेरीधक्क्याची भिंत,
चाळीस हात लांब, खाऱ्या वाऱ्यानं पोपडे धरलेली.
वीतभर आकृतीची पुरुषभर करायची
आणि फेस्ताच्या आत संपवायचं, एवढंच काम.
मी बोर्ड रंगवणारा. अक्षर मोठं करणं जमतं.
देवदूत पहिल्यांदाच.

पहिल्या कागदावर नुसती टाच.
तीच टाच सात वेळा, आणि बाण काढून लिहिलेलं:
वजन इथं.
दोन दिवस मी त्या बाणाकडे बघत बसलो.
ज्याला उडायचंय
त्याच्या टाचेला वजन कशाला?

दुसऱ्यावर पाठ.
दोन्ही खांद्यांशी एकेक फुली,
आणि मानेमागून आडवी गेलेली रेघ,
खोडलेली, ओढलेली, परत खोडलेली,
इतकी की तिथला कागद लोकरीसारखा मऊ झालाय.
फुल्यांखाली: पंख नंतर.
तिसऱ्यावर तेच. पाचव्यावर तेच.
नवव्यावर फक्त ‘पं. नं.’

नंतर म्हणजे कधी,
हे बोनिफास कुतिन्यो सांगून गेले नाहीत.

रेघ म्हणजे क्षितिज, असं मी आधी धरलं.
मग वाटलं, मापाची असेल.
पाद्री म्हणाले, खुरिसाची आडवी फळी.
एर्मेलिंदबाई म्हणाल्या, शेवटी बाबांचा हात कापायचा.
सगळ्यांचं पटलं,
म्हणून सुचेना काही.

सहावा कागद उजेडाकडे धरला
तेव्हा मागची अक्षरं उमटली, उलटी:
पावलू, आगरातला. दोन दिवस उभा.
साडेतीन रुपये. चहा वेगळा.
कावड त्याचीच.

कावड.
मी कागद पालथा केला
आणि रेघ जागेवर बसली.
टोकांच्या दोन पाट्या मिठाच्या, त्या कागदाबाहेर राहिल्या.
फुल्या म्हणजे खांद्यावरचे घट्टे.
आणि टाच म्हणजे
मिठागराचा बांध, ओला, वीतभर रुंद,
इकडे पाणी, तिकडे पाणी.
आज तिथं खारफुटी माजलीय. बांध शोधून सापडला नाही.

मग सुईनं रेषा टोचल्या,
आई रांगोळीच्या कागदाला उदबत्तीनं भोकं पाडायची तशा,
कोळशाची पुरचुंडी आपटत गेलो वरून,
कागद उचलला.
पावलू भिंतीवर उभा होता, ठिपक्याठिपक्यांचा,
आणि माझ्याच हाताला घाम.

पंख काढले मी. नाही कसे काढणार, पैसे घेतले होते.
मानेमागून सरळ आडवे निघतात,
टोकांना खाली ओढलेले, भरल्यासारखे.
पांढऱ्यात चिमूटभर राख घातली;
आगरातलं मीठ कुठं शुभ्र असतं?

कमिटीचे मिनीनबाब आले, मागं सरून बघितलं,
पुढं येऊन बघितलं.
‘अरे, हे उडतील कसे?’
मी ब्रश धूत राहिलो.
फेरीची वाट बघत एक बाई बसली होती पाटीवर हात ठेवून.
भिंतीकडे न बघताच म्हणाली,
‘उडूंक कोणें सांगलां? पावल्यार पुरो.’
फेरी लागली. ती चढली.
मिनीनबाबांनी बिलावर सही केली, पण दुसऱ्या आठवड्यात.

अकरावा कागद सगळ्यात मोठा,
पाच कागद खळीनं जोडून केलेला.
त्यावर माणूसच नाही.
नुसत्या दोन फुल्या, मध्ये कोरी जागा.
तशीच उतरवली, धक्क्याच्या टोकाला.

लोक तिथं पाठ टेकून उभे राहतात, चोडणची फेरी येईपर्यंत.
सदऱ्याला चुना लागतो,
आणि मला शिव्या देतात.